गरीब दिसण्याचा कार्यक्रम

सरकारने आम्हाला गरीब म्हणून मान्यता द्यावी, यासाठी आमच्या घराने जेवढी धडपड केली, तेवढी श्रीमंत होण्यासाठी केली असती तर आज मी हे लिहीत बसले नसते. मी सातवीत होते. कसबा पेठेत एका तीन मजली इमारतीत आमची दीड खोली होती. त्यातली अर्धी खोली कोणती, यावर आईवडिलांचं एकमत नव्हतं. वडील एका भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहायचे. आई साड्यांना फॉल लावून द्यायची आणि त्याचे पैसे पोस्टाच्या आवर्ती खात्यात भरायची. ते खातं म्हणजे आमच्या घरातलं सर्वांत श्रीमंत माणूस होतं. आम्ही त्याच्याविषयी आदराने आणि हळू आवाजात बोलायचो.

तर एके दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात आली. अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांसाठी सरकार बिबवेवाडीला घरं बांधत होतं. सुरुवातीला थोडी रक्कम भरायची, मग दरमहा हप्ता, आणि सगळे हप्ते फिटले की घर तुमचं. गरिबाच्या हातात नुसते पैसे दिले तर ते खर्च होतात, घर दिलं तर ते टिकतं, असा काहीतरी विचार त्यामागे होता. विचार चांगलाच होता. सरकारचे विचार चांगलेच असतात, अर्ज छापायला गेले की त्यांचं काहीतरी होतं.

इमारतीत ही बातमी कळल्यावर पहिली प्रतिक्रिया कसबा पेठेला शोभेल अशीच होती. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बिबवेवाडी? तिथून मंडईत यायचं म्हणजे डबा बांधून निघावं लागेल." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तर बिबवेवाडी पुण्यात आहे हेच मान्य नव्हतं. त्यांच्या मते पुणे लक्ष्मी रस्त्याच्या आसपास कुठेतरी संपत होतं आणि पुढे नुसती वस्ती होती. आईने दोघींचं ऐकून घेतलं आणि रात्री वडिलांना एवढंच म्हणाली, "तिथे स्वयंपाकघराला दार आहे म्हणे." आमच्याकडे स्वयंपाकघर नव्हतं, त्यामुळे दाराचा प्रश्न आला नव्हता.

अर्जातली गंमत अशी होती की उत्पन्न अमुक रकमेच्या आत हवं, पण सुरुवातीची रक्कम भरण्याइतकी बचतही हवी. म्हणजे पैसे असायला हवेत, पण असता कामा नयेत. वडील हिशेबनीस, त्यामुळे त्यांना यात वावगं वाटलं नाही. त्यांनी आईच्या फॉलच्या कमाईचं काय करायचं, असं विचारलं. ती उत्पन्नात धरायची का? आई म्हणाली, "ते उत्पन्न नाही, ते माझे पैसे आहेत." हा मुद्दा तिथेच मिटला.

खरा घोळ पुढे झाला. अर्ज भरायच्या आठवड्यातच वडिलांच्या मालकांनी पगार वाढवला. हे मालक म्हणजे पितळेच्या घागरीवर टिचकी मारून तिचा दोष सांगणारे, पण माणसाच्या पगाराबाबतीत ठार बहिरे. वडिलांनी इतकी वर्षं वाढ मागितली तेव्हा त्यांना ऐकू आलं नव्हतं. आणि आता, न मागता, दिवाळीच्या गर्दीत बरी विक्री झाली म्हणून त्यांनी वाढ जाहीर केली. या वाढीमुळे वडील सरकारी मर्यादेच्या जेमतेम वर गेले. एवढ्याशा पैशांत आम्ही मध्यमवर्गीय झालो आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी वडील मालकांकडे गेले आणि वाढ परत घ्या म्हणाले. हा संवाद वडिलांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलाय की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं.

मालक म्हणाले, "पगार वाढवा म्हणणाऱ्याला नाही म्हणायची मला सवय आहे. कमी करा म्हणणाऱ्याला काय म्हणतात?"

"हो म्हणतात," वडील म्हणाले. "घराचं काम होईपर्यंतच. घर मिळालं की मग वाढ सुरू करा."

"सरकारच्या कामात आपण आडवं येणार नाही," मालक म्हणाले आणि वाढ त्यांनी इतक्या चपळाईने परत घेतली की वडिलांना थोडं वाईटच वाटलं. जुन्या पगाराचा दाखलाही लगेच सही करून दिला. वाढीचा पैसा अजून हातात पडला नव्हता, त्यामुळे दाखला खोटा नव्हता, असं वडील पुढचे कितीतरी दिवस कोणी न विचारताच सांगत होते.

अर्ज गेला. काही महिन्यांनी कार्डावर निरोप आला की अमुक दिवशी सकाळी आमच्या राहत्या जागेची पाहणी होईल. म्हणजे खात्याचा माणूस येऊन आम्ही खरंच गरीब आहोत का, ते बघणार होता. त्याचा शेरा चांगला पडला तर घर, नाहीतर नाही. वडिलांनी आईला सांगितलं, "पाहणीला येणार आहेत," आणि पुढे काही समजावून सांगायची गरज त्यांना वाटली नाही. इथे त्यांची चूक झाली.

आमच्या इमारतीत एखाद्याच्या घरी कोणी बघायला येणार म्हटलं की एक रीत आपोआप सुरू व्हायची. कोणाचीही मुलगी दाखवायची असो, काकूंच्या वेताच्या चार खुर्च्या त्या घरात जायच्या. मावशींचा रेडिओ जायचा, वर क्रोशाचा रुमाल घालून. कपबशा पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांकडून, भिंतीवरचं घड्याळ तळमजल्यावरून. त्या खुर्च्यांनी जितके नवरदेव बघितले होते तितके एखाद्या भटजींनीही बघितले नसतील. यातला मुख्य नियम असा होता की वस्तू ज्याची आहे त्याने ती आपली आहे असं कधीही म्हणायचं नाही. पाहुण्यांनी खुर्चीचं कौतुक केलं तर काकू स्वतःच्याच खुर्च्यांकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघून "छान आहेत हो" म्हणायच्या. एकदा तर मुलाच्या आईने घड्याळ कुठून घेतलं असं विचारल्यावर घड्याळाच्या खऱ्या मालकाने "तेच मीही विचारणार होतो" असं म्हटलं होतं. शेजारधर्म म्हणतात तो आमच्याकडे असा होता.

पाहणीच्या दिवशी वडील सकाळीच कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. आमच्या बोळात नवा माणूस शिरला तर दुसऱ्याच्या न्हाणीघरात निघायचा, म्हणून साहेबांना ते स्वतः घेऊन येणार होते. इकडे आईने पदर खोचला. माझ्या डोळ्यांदेखत खोली भरत गेली. खुर्च्या आल्या, रेडिओ आला, घड्याळ आलं, काकूंच्या सुनेच्या माहेरचा भरतकामाचा पडदाही आला. तो आमच्या एकुलत्या खिडकीला पुरून वर उरला. मी आईला म्हटलं, "पण तो आपण गरीब आहोत का ते बघायला येणार ना?"

आई म्हणाली, "मग? म्हणून काय त्याला जमिनीवर बसवायचं? सरकारी असला तरी घरी आलेला माणूस आहे."

आणि तिने शिऱ्यात काजू घातले. काजूसुद्धा मावशींचे होते.

साहेब आले ते चाळिशीतले, घामेजलेले, हातात पत्र्याची क्लिप लावलेला पुठ्ठा. मागून वडील आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी मागे वळून दारावरची पाटी वाचली.

साहेब खुर्चीत बसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "रेडिओ आहे?" ते म्हणाले.

"नाही," वडील म्हणाले. "म्हणजे आहे. पण आमचा नाही."

"सगळे असंच म्हणतात," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. आईने काजूचा शिरा पुढे केला. साहेबांनी शिऱ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे बघितलं. वडिलांनी दुसरीकडे बघितलं.

दारात तोपर्यंत रीतीप्रमाणे सगळी इमारत जमली होती. वडिलांना हायसं वाटलं. ते मावशींना म्हणाले, "मावशी, जरा सांगा यांना, रेडिओ तुमचा आहे ना?"

"छे हो!" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे कुठला रेडिओ? तुमचाच तो. आम्ही आपले बातम्या ऐकायला येतो."

वडिलांनी काकूंकडे बघितलं. काकू तिसरा मजला सोडून खास आल्या होत्या आणि एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. "खुर्च्या ना? अहो, या त्यांच्या लग्नातल्या. हिच्या वडिलांनी दिलेल्या. घराणं चांगलं आहे हो, साहेब." मग घड्याळाच्या मालकांनी आपलं घड्याळ आमच्या नावावर केलं. पडद्याचीही हीच गत झाली. जो तो आमची इज्जत वाचवत होता आणि आमच्या घराची वाट लावत होता. वडील कोणाला डोळ्यांनी, कोणाला हाताने खुणावत होते, पण आमच्या इमारतीत अशा वेळी मुलीचा बाप कासावीस असतोच, त्यामुळे कोणी तिकडे लक्ष दिलं नाही.

साहेब लिहू लागले. पेनाचा कागदावर आवाज येत होता. एकेक वस्तू उतरत होती आणि बिबवेवाडीचं घर एकेक पाऊल लांब जात होतं, हे मलासुद्धा कळत होतं. मी आईकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. ती हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला आत्ता काय करायला लागणार आहे ते मला दिसत होतं, आणि तिने ते करू नये असंच मला वाटत होतं. घर गेलं तरी चालेल, पण या सगळ्यांसमोर तिने ते बोलू नये.

आईने तांब्या खाली ठेवला. "मावशी," ती म्हणाली, "रेडिओ उचला."

"अगं, असू दे की," मावशी कुजबुजल्या.

"उचला म्हणते ना. तुमचा आहे, घेऊन जा. काकू, खुर्च्या न्यायला कोणालातरी बोलवा. घड्याळही काढा. पडदा मी काढून देते."

काकूंना तर लागलंच. "आम्ही तुझ्यासाठीच गं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, काकू. घेऊन जा."

मग एकेक वस्तू जाऊ लागली. रेडिओ गेला, रुमाल गेला, घड्याळाच्या जागी भिंतीवर ओशाळा खिळा उरला. तीन खुर्च्या गेल्या आणि चौथीवर साहेब होते, म्हणून काकूंचा मुलगा त्यांच्यामागे अदबीने उभा राहिला. साहेब उठले. मग त्यांच्या लक्षात आलं की हातातली बशीसुद्धा मास्तरांची असणार. त्यांनी उरलेला शिरा दोन घासांत संपवला आणि बशी स्वतःच दारातल्या मास्तरांच्या हातात दिली. कसबा पेठेत एवढी शांतता एरवी फक्त कोणी गेल्यावर असते.

खोली आमची आमची झाली. कोपऱ्यात स्टोव्ह, ट्रंका, गुंडाळलेल्या वळकट्या, माझं दप्तर. साहेबांनी उभ्यानेच पुठ्ठा धरला आणि विचारलं, "मग ताई, तुमचं काय आहे?"

"काही नाही," आई म्हणाली. "तेच बघायला आलात ना तुम्ही? लिहा."

साहेबांनी आधीचं खोडलं आणि नवं लिहिलं. जाताना म्हणाले, "घर स्वच्छ आहे, असंही लिहिलंय. त्याने काही अडत नाही." वडील त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. आई त्या दिवशी रडली वगैरे नाही. तिने उरलेला शिरा आम्हाला वाढला आणि फॉलची साडी घेऊन बसली. आपल्या आईला कुठल्याच गोष्टीची लाज वाटत नाही, असं त्या दिवशी मला वाटलं आणि मला तिचा फार अभिमान वाटला. काकू मात्र महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. भर सभेत आपली वस्तू आपल्याला परत मिळणं, हा त्यांच्या दृष्टीने अपमान होता.

आम्ही पात्र ठरलो. तसं पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आमचं उत्पन्न अल्प असल्याचं एवढ्या कौतुकाने कोणी वाचलं नसेल. आईने पोस्टातलं आवर्ती खातं मोडलं आणि सुरुवातीची रक्कम भरली. कित्येक साड्यांची किनार त्या एका पावतीत गेली. आता फक्त दरमहा हप्ता भरायचा होता. पहिला हप्ता वेळेत गेला नाही तर घर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं.

हप्ता आमच्या जुन्या पगारात बसत नव्हता. सरकारने गरिबी तपासली ती घर द्यायला, हप्ता ठरवताना मात्र गरिबी संपली असं धरलं होतं. अर्थात वडिलांना त्याची काळजी नव्हती. परत केलेली वाढ आता सुरू झाली की हप्ता सहज निघणार होता. ते मालकांकडे गेले.

"कसली वाढ?" मालक म्हणाले.

वडिलांनी आठवण करून दिली.

"ती तुम्हीच परत केलीत. परत घेतलेला माल मी पुन्हा त्याच गिऱ्हाइकाला देत नसतो." आणि मग थोड्या प्रेमाने, "अहो, आता तुमचं घर झालं. तुम्ही मालमत्तावाले. वाढ गरजू माणसाला द्यावी."

वडील आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा मालकांकडे गिऱ्हाईक होतं. वडिलांचा स्वभाव असा की गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, आणि दुकान असं की गिऱ्हाईक कधी संपायचं नाही. हप्त्याची तारीख जवळ आली. वडील रात्री पाटीवर आकडे मांडायचे आणि पुसायचे. शेवटी त्यांनी बिबवेवाडीचं नाव घेणंच सोडलं. मग आई एक दिवस ठेवणीतलं पातळ नेसली आणि मला म्हणाली, "चल."

आई त्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. लग्नसराईचे दिवस होते. आत दोन-तीन कुटुंबं रुखवताची भांडी बघत बसली होती. वडील कोपऱ्यात गादीवर लिहीत होते. आम्हाला बघून ते अर्धवट उठले आणि तसेच राहिले. मालकांनी हातातली कळशी खाली ठेवली. "या, या, वहिनी. काय दाखवू?"

"काही नको," आई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिने तो लहानही केला नाही. "आमच्याकडे काही नाही, हे सांगायला आलेय. सरकारी माणसाला सांगून झालंय, इमारतीला सांगून झालंय, आता मला ते कोणासमोरही सांगायला काही वाटत नाही. यांची वाढ तुम्ही घर मिळाल्यावर देणार होतात. घर मिळालंय. हप्त्याला पैसे नाहीत. आमच्या घरात विकायला एक खुर्चीसुद्धा नाही, मालक. या सगळ्यांच्या समोर सांगते."

रुखवतवाले भांड्यांवरून नजर काढून आमच्याकडे बघत होते. एका बाईने आपल्या मुलीला जरा जवळ ओढलं. मला वाटलं आता मालक चिडतील किंवा ओशाळतील. तसं काहीच झालं नाही.

"खरंय, खरंय," ते मान हलवत म्हणाले, आणि मग गिऱ्हाइकांकडे वळून, "फार ओढाताण आहे बिचाऱ्यांची." त्यांनी गल्ला उघडला, वाढीचा पहिला महिना मोजला आणि आईच्या हातावर ठेवला. "दर महिन्याला मिळेल, वहिनी. काळजी करू नका." आणि कळशी पुन्हा उचलली.

रस्त्यात मी उड्या मारत होते. आपण जिंकलो असं मला वाटत होतं. आई भराभर पुढे चालत होती. घरी आल्यावर तिने पैसे वडिलांच्या जागेवर ठेवले, पातळ न बदलता भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. मी तिला तोपर्यंत रडताना बघितलं नव्हतं. काय करावं ते मला कळेना, म्हणून मी स्टोव्ह पेटवला.

वडील दुकान सुटल्यावर आले. त्यांनी पैसे बघितले, आईला बघितलं. तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "मिळाले ना? मग आता काय झालं?"

"मिळाले हो, लगेच मिळाले," आई म्हणाली. "मला वाटलं होतं, निदान एकदा तरी म्हणतील, वहिनी, असं काय बोलता."